साडेबाराला हूक रिकामा

९ जानेवारी

ही वही हॉस्पिटलातल्या डायटवाल्या बाईंनी दिली. "रोज काय खाल्लं आणि किती वेळात खाल्लं, ते लिहायचं," म्हणाल्या. लिहितो. आज खाल्लं: काही नाही. प्यायलो: पाणी, औषधाच्या इवल्याशा कपाने, दर पाच मिनिटांनी एक घोट. झाली नोंद. आता उरलेल्या शंभर पानांचं काय करायचं? म्हणून बाकीचंही लिहून ठेवतो.

वय एक्कावन्न. काम टॉवर क्रेन चालवणं. परवा ऑपरेशनच्या सकाळी वजन एकशे सेहेचाळीस किलो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पोटाचा मोठा भाग कापून काढला आणि केळ्याएवढं पोट मागे ठेवलं. जुनं पोट केवढं होतं ते दाखवा म्हटलं, तर नर्स हसली आणि दाखवलं नाहीच.

मी सोळा वर्षं क्रेनवर होतो. तीन वर्षांपूर्वी कंपनीने नवे सुरक्षा पट्टे आणले. पट्ट्याशिवाय शिडी चढायची नाही, आणि पट्ट्यावर शिवलेलं: कमाल १२० किलो. इंजिनिअर साहेबांनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी स्टोअरमध्ये बसून हेल्मेट वाटतो. मे महिन्यात नव्या इमारतीची क्रेन उभी राहतेय. साहेब म्हणाले, "१२० च्या आत या, खुर्ची तुमची. नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवलाय." तो दुसरा माणूस मी पाहिलाय. वळताना भार झुलवतो.

बाईंनी विचारलं, पूर्वी जेवायला किती वेळ लागायचा? म्हटलं, चार मिनिटं. क्रेन थांबली की अख्खी साईट थांबते, म्हणून डबा वरच, दोन भारांच्या मध्ये, उजवा हात लिव्हरवर ठेवून. साईटवर कुणाला तो विक्रम मोडता आला नाही. बाईंनी हे लाल पेनने लिहून घेतलं. कौतुक वाटलं असावं.

१३ जानेवारी

घरी आलो. गाळलेलं सूप, वाटीभर, तासाभरात. भूक अजिबात नाही आणि खायची इच्छा मात्र डोंगराएवढी. ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

ही दिवसभर स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. वास येऊ नये म्हणून. स्वतः कधी जेवते कोण जाणे. तिची सवय जुनीच आहे, सगळ्यांचं आटोपल्यावर तीन-साडेतीनला, ओट्यापाशी उभ्या उभ्या. मी त्यात कधी लक्ष घातलं नाही. ज्याची त्याची पद्धत.

२१ जानेवारी

मेव्हणा बघायला आला. सोबत केक. म्हणाला, "भाओजी, ह्याच्यासाठी पोट कापायची काय गरज होती? तोंड बंद ठेवायचं." मी म्हटलं, "तू आधी तुझं ठेवून दाखव." ही आतून हसली, मी ऐकलं. केक त्याच्याच हाती परत पाठवला.

खाल्लं: दही, चार चमचे. वेळ: मेव्हणा जाईपर्यंत.

३० जानेवारी

आजपासून मऊ अन्न. कुस्करलेलं अंडं, दोन चमचे, आणि कुस्करलेला बटाटा, एक. नियम असे: आधी अंडं, मासा, जे बळ देतं ते. एक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. आणि पोट 'पुरे' म्हणालं की पुढचा घास ताटात, मग तो कितीही लहान का असेना.

तिसऱ्या घासाला मी नेहमीसारखा गिळून मोकळा झालो आणि छातीत पाचर मारल्यासारखं झालं. दहा मिनिटं बेसिनपाशी उभा. तेव्हापासून ही समोर बसते आणि मोजते. "तेवीस, चोवीस, पंचवीस. आता जाऊ दे." मी घाई केली की तळहात जमिनीकडे करून हवेत हलके हलके दाबते.

मी चकितच झालो. हा क्रेनचा इशारा आहे: सावकाश. खालून असाच करतात. विचारलं, कुठे शिकलीस? तर म्हणाली, "एवढ्या वर्षांत एवढंही कळणार नाही का?" माझ्याकडे बघूनच शिकली असणार. अभिमान वाटला.

१० फेब्रुवारी

काटा एकशे पस्तीसवर अडकलाय. बारा दिवस झाले. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही. आज काट्याची जागा बदलली, खिडकीशी ठेवला. तिथेही एकशे पस्तीस. डायटवाल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, असं होतं, शरीर दम खातं, वही लिहीत राहा. शरीराला दम खायला माझीच वेळ सापडली.

खरं लिहितो, बाई वाचणार असल्या तरी. आज दुपारी ही अंघोळीला गेल्यावर फ्रीज उघडून उभा राहिलो. काही घेतलं नाही. नुसता उभा होतो, एखाद्या जुन्या मित्राच्या दारात उभं राहावं तसा. मग दार लावलं. ह्याला शाबासकी द्यायची की लाज वाटून घ्यायची, ठरेना. शेवटी शाबासकी दिली.

२४ फेब्रुवारी

कामावर परतलो, म्हणजे स्टोअरमध्ये. वजन उचलायची मनाई अजून एक आठवडा, त्यामुळे हेल्मेटसुद्धा एकेक देतो.

खालचा भेटायला आला. हा कोण ते लिहायचं राहिलंच. क्रेनवाल्याला जमिनीवर एक माणूस लागतो, जो हूकपाशी उभा राहून हाताने आणि वॉकीवर इशारे देतो. वरून मला भार दिसतो, भाराखालचं दिसत नाही. ते तो बघतो. सोळा वर्षं माझा माणूस एकच. सगळी साईट त्याला खालचा म्हणते, आता त्याची बायकोही म्हणते. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मागची बाजू अजून साईटवर आलेली नाही का?" एकशे एकतीस. पँटचा पट्टा शेवटच्या भोकाच्याही पुढे गेलाय. हिने खिळा तापवून नवीन भोक पाडून दिलं.

२० मार्च

एकशे पंचवीस. केस मात्र मूठ मूठ हातात येतात. बाई म्हणाल्या, परत येतील. म्हटलं, क्रेनवर हेल्मेट असतं, नाही आले तरी चालेल.

१२ एप्रिल

मेव्हण्याच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून त्याच्याकडे जेवण. टेबल भरलेलं. मी माझी छोटी वाटी आणि छोटा चमचा घरून घेऊन गेलो होतो. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "लहान मूल आणलंय का?" म्हटलं, "हो, मीच."

मग मेव्हण्याने आग्रह करून दोन चमचे गोड खिरीसारखं काहीतरी वाढलं आणि मी खाल्लं. पाव तासात घाम फुटला, छातीत धडधड, सगळी खोली फिरायला लागली. गोड आता माझ्या पोटातून थेट खाली पळतं, बाईंनी बजावलं होतं. आतल्या खोलीत आडवा झालो. मेव्हणा दारात कपाळाला हात लावून उभा, म्हणतोय, "भाओजी, माझं चुकलं." बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला होता. त्याला म्हटलं, चमचा मीच तोंडात घातला. दोष तुझ्यावर घातला तर मे महिन्यातली खुर्चीही तुझ्यावरच अवलंबून राहील.

हे वाक्य मला आवडलं म्हणून इथे उतरवून ठेवतो. नंतर घरी येताना हीसुद्धा म्हणाली, "छान बोललात."

३ मे

एकशे एकोणीस किलो, चारशे ग्रॅम! कंपनीच्या डॉक्टरांच्या काट्यावर, बूट काढून, साहेबांसमोर. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, दोनदा जिना चढायला लावला, कागदावर सही केली. साहेबांनी हात पुढे केला. तीन वर्षांपूर्वी आवाज खाली करून बोलले होते, आज अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "परवा सकाळी सातला वर!"

अंगावर मूठभर मांस चढलं. काट्यावर ते दिसत नाही हे बरं.

५ मे

शिडीच्या एकशे बावन्न पायऱ्या. पूर्वी चार ठिकाणी थांबायचो. आज दोन. पट्टा कमरेला आवळला तर टोक लोंबकळत राहिलं. केबिनचं दार उघडलं, खुर्चीत बसलो, आणि दोन्ही बाजूंना जागा उरली! त्या खुर्चीत मी सोळा वर्षं स्वतःला कोंबायचो.

रडलो थोडा. वॉकीवर खालच्याचा आवाज, "वर काय चाललंय?" म्हटलं, "काच पुसतोय." म्हणाला, "पूस, पूस. घाई नाही." पहिला भार उचलला, वीतभरही झुलला नाही.

१० मे

सगळं उत्तम, फक्त खालचा बिघडलाय. पूर्वी घड्याळासारखा माणूस. आता रोज साडेबारा वाजले की त्याचं काहीतरी निघतं. सोमवारी वॉकीची बॅटरी उतरली. मंगळवारी भार बांधायचा पट्टा तपासायचा होता. काल म्हणे बुटात खडा. दहा-बारा मिनिटं हूक तसाच लटकत. मी आपला लिव्हरवर हात ठेवून, डोळ्यांत तेल घालून बसलेला. खाली माणूस हूकपाशी असताना वरच्याने डब्याला हात लावायचा नसतो. मग काम सुरू झालं की दोन भारांच्या मधल्या वेळात घास घेतो, बेताने चावून. वय होतंय त्याचं. मी काही बोललो नाही. आपल्या माणसाचं सांभाळून घ्यावं लागतं.

१८ मे

आज खालच्याला बांधकामाचा नकाशाच सापडेना. पंधरा मिनिटं! वॉकीवर विचारतो काय, "डबा उघडलास का?" म्हटलं, "तू आधी नकाशा उघड."

घरात हिने काहीतरी नवीन काढलंय. गॅलरीत एक खुर्ची आणि स्टूल नेऊन ठेवलंय. विचारलं तर म्हणे उजेड चांगला येतो. गॅलरीतून दिसतं काय? समोरच्या छपरावरच्या टाक्या आणि आमची क्रेन.

२४ मे

हे लिहायला हात धजत नाही.

खालच्याचं आज तेरा मिनिटं काही ना काही चाललं होतं. मग एकदम सळयांचे गठ्ठे सुरू झाले, एकामागून एक. पावणेएक वाजून गेले. एक गठ्ठा वर येत असताना माझा उजवा हात लिव्हरवर आणि डावा, माझ्या नकळत, डब्यात. सोळा वर्षांची सवय. अर्धं उकडलेलं अंडं आणि पावाचा तुकडा. पंचवीस वेळा नाही, पाच वेळाही नाही.

अडकलं. छातीत पाचर, तोंडात लाळेचा पूर, डोळ्यांतून पाणी. समोर पावणेदोन टन लोखंड हवेत आणि तिसऱ्या मजल्यावर सहा माणसं. खालच्याचा आवाज: "डावीकडे. डावीकडे. सावकाश. थोडं. थोडं. थांब." मी तेवढंच ऐकलं. बाकी जग नव्हतंच. गठ्ठा खुणेच्या रेषेवर बसला, हूक सुटला, आणि मग मी डब्यातच ओकलो.

खाली कुणाला काही कळलं नाही. भार एक वीतही हलला नव्हता. त्याचा अभिमान वाटतो आणि तो वाटल्याची लाजही वाटते.

डबा साईटवरच्या नळावर धुऊन घरी आणला. हिने तो हातात घेतला आणि थबकली. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, मी डबा कधी धुतलेला नाही. काय झालं असं तिने विचारलंच नाही. म्हणाली, "उद्या साहेबांना सांगणार ना?"

२५ मे

सांगितलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. पण माझं पोट आता केळ्याएवढं आहे. त्यात एवढी मोठी गोष्ट ठेवायची कुठे?

साहेबांसमोर सगळं सांगितलं. अंडं, पाव, डावा हात, डबा. त्यांनी एकच विचारलं, "भार माणसांच्या डोक्यावर होता?" म्हटलं, "हो." मग म्हणाले, "तूर्त खाली या."

पट्टा सोडून टेबलावर ठेवला. स्टोअरमधली हेल्मेटं जिथे ठेवली होती तिथेच होती. दुसरा माणूस वर चढला. दुपारभर त्याचा भार झुलताना बघितला. आजची नोंद: दही, दोन चमचे. वेळ लिहिण्यात अर्थ नाही.

ही म्हणाली, "गेली तर गेली खुर्ची. सांगितलंत ना? मला तेवढं पुरे." मला नाही पुरे. मला ती खुर्ची पाहिजे. पण ती सहा माणसं संध्याकाळी आपापल्या घरी गेली, आणि मी सांगितलं, ह्या दोन्ही गोष्टींना मी नको म्हणणार नाही.

२९ मे

साहेबांनी बोलावलं. बघतो तर खालचा तिथे आधीच उभा, हातात त्याची कामाची वही. कोणता भार किती वाजता उचलला, सगळं त्यात. साहेब म्हणाले, "हा सांगतो की तीन आठवडे रोज साडेबारानंतर दहा-पंधरा मिनिटं क्रेन उभीच असते. तरी स्लॅब वेळेच्या दोन दिवस पुढे आहे. खरं?"

मी खालच्याकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता.

"खरं," म्हटलं.

"मग चोरून पंधरा कशाला, उघड तीस घ्या," साहेब म्हणाले. "साडेबारा ते एक क्रेन बंद. हूक वर, रिकामा. किल्ली काढायची. वरचाही जेवेल, खालचाही, आणि सगळी साईट. भार लटकत असताना कुणी घास घेतला तर त्याला मी स्वतः खाली आणीन. आणि तुम्ही," माझ्याकडे बघून, "तुम्ही न विचारता सांगायला आलात. वर मला असा माणूस हवाय. एक तारखेला सातला."

बिचाऱ्या खालच्याने स्वतःची ढिलाई साहेबांसमोर कबूल केली, तीही माझ्यासाठी. बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, जा, तुझं सगळं पोटात घातलं. तो एवढा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. हिला सांगितलं तर तीही तशीच हसली. दोघांना काय झालंय कळत नाही.

१ जून

एकशे बावन्न पायऱ्या, थांबलो एकदाच.

साडेबाराला हूक वर घेतला, किल्ली काढली. एवढी शांतता मी केबिनमध्ये कधी ऐकली नव्हती. डबा उघडला: माशाचा तुकडा, उकडलेली गाजरं. खाली बघतो तर सगळे बसलेले. सुतार, गवंडी, सळया बांधणारे, फळ्यांवर, पोत्यांवर, सावलीत, मांडीवर डबे. ही माणसंही आजपर्यंत उभ्याउभ्याच जेवायची, माझ्या हुकाकडे बघत. साईटवर एवढी माणसं आहेत हे मला वरून कधी दिसलंच नव्हतं.

वॉकी खरखरली. "तेवीस, चोवीस, पंचवीस," खालचा म्हणाला. "आता जाऊ दे."

गंमत आहे. ही अगदी ह्याच शब्दांत म्हणते.

सव्वीस मिनिटांत डबा झाला. अर्धा मासा उरला, पोट पुरे म्हणालं, मी ऐकलं. चार मिनिटं उरली होती. पूर्वी तेवढ्यात अख्खं जेवण व्हायचं. आज काय करावं कळेना, म्हणून आजूबाजूला बघितलं. रस्ते, टाक्या, वाळत घातलेले कपडे. मग आमची गॅलरी. ही खुर्चीत बसली होती. समोर स्टूल, स्टुलावर ताट. साडेबारा ते एकच्या मध्ये, भरल्या दुपारी, बसून, ही जेवत होती.

ओट्यापाशी तीन वाजता नाही. उभ्या उभ्या नाही. माझ्याबरोबर.

एकोणतीस वर्षांत आम्ही दोघांनी एकाच वेळी जेवण संपवल्याचं मला आठवत नाही. मी चार मिनिटांत उठायचो.

एक वाजता किल्ली लावली. भार घ्यायच्या आधी रिकाम्या हुकाने एक फेरा मारून बघायचा नियम आहे. मी तो नेहमी उजवीकडून घेतो. आज डावीकडून घेतला, क्रेनचा लांब हात आमच्या गॅलरीच्या दिशेने नेला आणि क्षणभर थांबवला. ती उभी राहिली. एका हातात ताट होतं. दुसरा हात तिने वर केला, तळहात जमिनीकडे, हलके हलके.

सावकाशच घेतला तो फेरा.

खाल्लं: मासा अर्धा, गाजरं सहा. वेळ: सव्वीस मिनिटं. सोबत: ही.